विसळलेला पेला

शेजारचा पोरगा रसायनशास्त्रात एमएस्सी झाला आणि दूर समुद्रकाठी, युद्धनौकांचं तेलपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागला. सुट्टीत मोर्शीला आला की ओट्यावर एकटाच बसतो. काही विचारलं की, "चालू हाय काकू," एवढंच.

पहिल्या सुट्टीत त्याच्या आईनं त्याच्यापुढे माठातल्या पाण्याचा तांब्या ठेवला. त्यानं पेल्यात घोटभर ओतलं, पेला फिरवून ते मोगऱ्याच्या बुडाशी फेकलं, मग भरून प्यायला.

आईचं तोंड उतरलं. "आपलं पानी खराब लागते का रे बाबू आता?"

"नाई वो माय."

ती आत गेल्यावर मी विचारलं, "मंग पेला कावून विसळला?"

"नमुना भरायच्या आधी त्याच पान्यानं भांडं विसळतात, काकू. हात आपोआप चालते."

"मंग तिले सांग ना."

"तिथलं काई बाहेर सांगाचं नसते. आता काईच सांगनं जमत नाई."

या दिवाळीत आईनं दुकानातली सीलबंद बाटली आणून ठेवली. त्यानं सील तोडलं, घोटभर ओतलं, पेला फिरवला, पाणी मोगऱ्याला फेकलं आणि पेला भरला.

दारातून आई हळूच म्हणाली, "हेबी खराब निघालं का बाबू?"

भरलेला पेला त्याच्या हातात तसाच राहिला.