संध्याकाळची ओळ

आमच्या विभागप्रमुखांनी क्रीडा मानसशास्त्राला दिलेली एकमेव देणगी म्हणजे ओळ. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात मुलींचं तिरंदाजी वसतिगृह आहे; तिथे सराव संपला की सगळ्यांनी मैदानाच्या कडेला ओळीत उभं राहायचं. एकेकीने दोन पावलं पुढे यायचं, आपली त्या दिवशीची चूक मोठ्याने सांगायची आणि शेवटी म्हणायचं, "ये मेरी वजह से हुआ." मग बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. जी टाळी वाजवणार नाही तिला दुसऱ्या दिवशी तीच चूक म्हणून सांगावी लागे. टाळ्या वाजल्या की शिक्षा ही शिक्षा राहत नाही, उपचार होते, असं सरांचं म्हणणं होतं. कोणत्या पुस्तकात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. खेळाडूंच्या मनावर काम करायचं म्हणून हा विषय घेतला होता. वर्गात एकही खेळाडू नव्हता. बहुतेकांना दवाखान्यातलं मानसशास्त्र शिकवणाऱ्या शाखेत प्रवेश मिळाला नव्हता, म्हणून ते इथे आले होते, आणि सरांना कशातच प्रवेश मिळाला नसावा असा माझा अंदाज होता. विजय नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या वर त्यांचं ऑफिस होतं. तिथे ते विमा एजंटांना, नवऱ्याबायकोंना आणि परीक्षेला घाबरणाऱ्या पोरांना एकच भाषण देत. आम्हालाही तेच. फक्त विमा एजंटांच्या भाषणात जिथे 'ग्राहक' येई, तिथे आमच्याकडे 'गोल्ड मेडल' येई.

प्रात्यक्षिकं म्हणजे प्रश्नावल्या. कुणीतरी इंग्रजी प्रश्नावली यंत्रात घालून तिची हिंदी काढली होती. त्यात एक प्रश्न होता, "क्या प्रतियोगिता से पहले आपके पेट में तितलियाँ होती हैं?" वसतिगृहातल्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने हळूच विचारलं, "दीदी, ये कीड़े की दवाई वाला है क्या?" मी हसले. सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या नावापुढे 'प्रतिसादास विरोध' असं लिहायला लावलं.

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. बाबा कारखान्यातल्या युनियनचे. कमानिया गेटजवळच्या छापखान्यातून पत्रकांचे गठ्ठे घरी यायचे, आणि मी अक्षरं त्यांवरच शिकले. 'जाहीर निषेध' मला 'बदक' लिहिता येण्याआधी लिहिता यायचं. एखादं पत्रक वाचून दाखवलं की बाबा शेवटी एकच विचारायचे, "मागणी काय आहे?" खाली मागणी नसेल तर तो कागद भजी बांधायला जातो, असं ते म्हणत. आमच्याकडे तो खरोखरच जायचा.

इंटर्नशिपसाठी वसतिगृहात माझ्या वाट्याला एक मुलगी दिली होती. शहराजवळच्या पाटणची. वडील मटाराचे व्यापारी, घरात खायला-प्यायला कमी नाही. तिला फक्त धनुष्य हवं होतं, आणि ते वसतिगृहाचं होतं. घरी गेली तर धनुष्य इथेच राहणार. तिच्या धनुष्यावर क्लिकर होता, म्हणजे एक पातळ पट्टी. बाण पूर्ण ओढला गेला की ती टक् वाजते आणि त्या आवाजावर दोरी सोडायची असते. ही ओढायची, टक् वाजायचं, आणि ही सोडायचीच नाही. हात थरथरेपर्यंत धरून ठेवायची आणि बाण खाली घ्यायची. परत ओढायची, परत खाली. खांद्यात काही नव्हतं. डोळे उत्तम होते. प्रशिक्षकांनी सांगून टाकलं होतं की पुढच्या निवड चाचणीत बाण सुटला नाही तर खाट रिकामी करायची.

सरांनी निदान केलं, आत्मविश्वासाची कमतरता. उपाय, डोळे मिटून लक्ष्याच्या मधलं पिवळं वर्तुळ बघणे. ती बिचारी महिनाभर डोळे मिटून पिवळं वर्तुळ बघत होती. तिला ते उघड्या डोळ्यांनीही दिसत होतंच.

आम्ही बाण ठेवायच्या खोलीत बसायचो. सुरुवातीला ती माझ्याशी परीक्षेत बोलतात तसं बोलायची. एकदा मी काहीच विचारलं नाही, नुसती तिच्याबरोबर बाणांची पिसं तपासत बसले. तेव्हा ती म्हणाली, "दीदी, टक होता है ना, तभी मुँह में शाम वाली बात आ जाती है."

"कौन सी बात?"

"वही. कि आज मैंने क्या ग़लत किया. तीर तो अभी छूटा भी नहीं रहता, और मैं बोलना शुरू कर देती हूँ. मन में."

मग तिने माझ्याकडे नीट बघून सांगितलं, "सर को मत बताना कि मैंने बोला. लाइन की बुराई की, ये भी फिर लाइन में बोलना पड़ेगा."

मी शब्द दिला. आणि तिथेच मला कळलं की या शब्दाने माझे हात बांधले गेलेत. तिचं एक वाक्य सरांसमोर ठेवलं असतं तर वाद संपला असता, आणि तेच मला ठेवता येणार नव्हतं.

तरी मी विजय नगरला गेले. सर खुर्चीत रेलून बसले होते. माझ्याशी मराठी ते फक्त काही काढून घ्यायचं असलं की बोलत.

"ये ये. तू आपल्यातली, म्हणून सांगतो. वार्षिक सादरीकरणाला पाटणच्या मुलीची केस तू मांडायची. तिला स्टेजवर बोलवायचं. ती म्हणेल, पहले मैं डरती थी, अब नहीं डरती. मुख्य अतिथी खेळ विभागाचे साहेब आहेत."

"सर, ती अजून बाण सोडत नाही."

"चाचणी नंतर आहे. सादरीकरण आधी आहे."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग मी म्हणाले, "ओळ काही दिवस बंद करून बघू या का? फरक पडतो का ते तरी कळेल."

"ओळ?" ते रागावले नाहीत. रागावण्याइतकंही मी त्यांना महत्त्वाची वाटले नाही. "बेटा, ओळीवर मी परिषदांमध्ये बोललोय. त्यात बघण्यासारखं काय राहिलंय? आणि एक लक्षात ठेव, तुझ्या इंटर्नशिपवर सही माझी लागते."

ज्या माणसाला आपल्या औषधाने रोगी बरा होतो की नाही हे बघायचीही इच्छा नाही, त्याच्याकडून मी मन नावाची गोष्ट शिकत होते. जिना उतरताना खाली कोचिंगची पोरं पाठांतर करत होती. त्यांचं तरी बरं, त्यांचं उत्तर कुणीतरी तपासणार होतं.

घरी आई पोळ्या करत होती. तिला सगळं सांगितलं, मुलीचं बोलणं सोडून.

"काहून भांडून राहिली तू त्या सरासोबत?" आई म्हणाली. "सही होऊन जाऊ दे, मग भांड. पास झाल्यावर कोणी अडवून राहिलं का?"

"पास झाल्यावर मी पण ओळी लावेन, आई."

"हो, लाव. घरात तर लावतेच. मला रोज उभी करते." तिने पोळी उलटली. "चलो, ताट घे."

बाबा मधूनच म्हणाले, "निषेध ऐकला. मागणी काय?"

"ओळ बंद."

"कधीपासून?"

मी ताट घेतलं. ते परत पेपरात गेले.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृहात दीप, शाल, श्रीफळ, सगळं होतं. फलकावर सरांचा चेहरा मुख्य अतिथींच्या चेहऱ्यापेक्षा मोठा होता. वसतिगृहाच्या मुली पुढच्या रांगांमध्ये गणवेशात, पाठ ताठ. पाटणची तिसऱ्या रांगेत होती. तिला आदल्या दिवशी सरांनी दोन वाक्यं पाठ करायला लावली होती, आणि ती ओठ हलवत होती. हे मी आधीही पाहिलं होतं, धनुष्य ओढलेलं असताना.

माझं नाव पुकारलं गेलं. मी माइकजवळ गेले. पडद्यावर माझी केस तयार होती. मी तिला बोलावलं नाही. मी माइकपासून दोन पावलं पुढे आले, जशा मुली येतात तशी, आणि हात मागे बांधले.

"आज की ग़लती," मी म्हणाले. आवाज बराच मोठा लागला, पण मुली रोज मैदानावर एवढाच लावतात. "हमारे विभाग ने इलाज के नाम पर बच्चियों की रोज़ की बेइज़्ज़ती शुरू करवाई. कभी जाँचा नहीं कि इससे फ़ायदा है या नुक़सान. और उस पर वाहवाही ली. ये हमारी वजह से हुआ. माँग ये है कि लाइन आज शाम से बंद हो."

सर उठायला लागले होते. पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या. माझ्या धैर्यासाठी वगैरे नाही. 'वजह से हुआ' ऐकलं की टाळी वाजवायची, ही त्या मुलींच्या हातांना लागलेली सवय होती. मागणी म्हणेपर्यंत त्या थांबल्या होत्या इतकंच. पहिली रांग वाजवू लागली म्हणून दुसरी, मग मागचे पाहुणे, आणि मुख्य अतिथींनीही दोन टाळ्या दिल्या, कारण सगळे देत होते. सर अर्धे उभे, अर्धे बसलेले. टाळी न वाजवणारे सभागृहात ते एकटेच, आणि नियम त्यांचाच होता.

यानंतर विचारांचा विजय झाला असं कुणी समजू नये. चहाच्या वेळी मुख्य अतिथींनी प्रशिक्षकांना सहज विचारलं, "ये लाइन रोज़ करवाते हैं आप?" प्रशिक्षक घाबरले. म्हणाले, "नहीं साहब, कभी-कभार." साहेबांसमोर बोललेलं खोटं खरं करून दाखवणं भाग होतं, म्हणून त्या संध्याकाळी ओळ लागली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणसं पटवून बदलतात, असं मला विभागात शिकवलं होतं. इथे सगळे एकमेकांना घाबरून बदलले.

माझी सही झाली नाही. 'वृत्ती अयोग्य' असा शेरा मिळाला आणि इंटर्नशिप पुढच्या वर्षी नव्याने करावी लागेल असं कळवलं गेलं. आई दोन दिवस माझ्याशी भाजी काय करायची एवढंच बोलली. बाबांनी विचारलं, "मान्य झाली?" मी होकारार्थी मान हलवली. "मग ठीक," ते म्हणाले.

निवड चाचणीला मला मैदानात येऊ दिलं नाही. मी बाहेर तारेच्या जाळीपाशी उभी राहिले. पाटणच्या मुलीची पाळी आली. तिने धनुष्य उचललं, दोरी हनुवटीला टेकवली. एवढ्या लांबून टक् ऐकू येत नाही, पण ओठ दिसत होते. ते मिटलेले होते. मग बाण गेला.

पिवळ्यात नाही. निळ्यात लागला, चांगलाच खाली. तिने मान वाकडी करून तो बघितला, कुणालाही काहीही सांगितलं नाही आणि पुढचा बाण घेतला. तोही सुटला. तिची निवड अगदी शेवटच्या नंबरावर झाली, खाट राहिली, धनुष्य राहिलं.

पण त्याआधी, मधल्या सुट्टीत, ती जाळीकडे चालत आली. मला वाटलं काही बोलेल. बोललीच.

"दीदी, यहाँ से हट जाओ ना," ती म्हणाली. "आप दिखती हो तो ध्यान जाता है."

मी हटले.