मेलपेटी बंद होणार होती

हे गेल्यावर दीड वर्ष मी त्यांची मेलपेटी रोज उघडत होते. कारंज्यातल्या आमच्या घरात संगणक समोरच्या खोलीत, खिडकीशी आहे. सकाळची भांडी आवरली की मी तिथं जाऊन बसे. येणारं सगळं फालतूच असे: बूट, विमा, गुडघ्याला लावायचं तेल, ट्रॅक्टरचे सुटे भाग. पण प्रत्येक मेलच्या सुरुवातीला यांचं नाव असे. घरात त्यांचं नाव घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे मी एकही मेल पुसला नाही.

हे कृषी खात्यात होते, माती तपासायचं काम. घरात बोलणं कमीच. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा संगणक घेतला आणि एका बोटानं मराठी टाइप करत जुन्या ओळखीच्यांना पत्रं लिहायला लागले. काय लिहितात, कुणाला लिहितात, मी कधी विचारलं नाही. पासवर्ड मात्र त्यांनी माझ्यासाठी कागदावर लिहून टेबलाच्या खणात चिकटवून ठेवला होता.

एका सकाळी लाल अक्षरांतला मेल आला. चोवीस तासांत ही मेलपेटी कायमची बंद होईल, चालू ठेवायची असेल तर खालची लिंक दाबून पासवर्ड द्या.

बंगळुरूला असलेल्या मुलीनं मला हजारदा बजावलं होतं की असल्या लिंकवर जायचं नाही. ते मला त्या क्षणीही आठवत होतं. बँकेच्या नावानं असं काही आलं असतं तर मी त्याकडे पाहिलंही नसतं. पण ही पेटी बंद झाली तर, एवढंच डोक्यात आलं आणि मी लिंक दाबली. खणातल्या कागदावर पाहून मी एकेक अक्षर नीट टाइप केलं.

दोन दिवसांनी इंझोरीहून नणंदेचा फोन आला.

“वयनी, दादाच्या नावानं मेल आला मोबाइलवर. सुनेनं वाचून दाखोला.”

“काय लिहिलंय?”

“लिवलं का मी अडचणीत हाय, फोन करू नका, इथंच उत्तर द्या.” मग म्हणाली, “मले मालूम हाय तो नाई. तरी मी तिले तीनदा वाचाले लावलं.”

मी संगणक उघडला. पासवर्ड चुकीचा आहे, असं येत राहिलं. मुलीला फोन केला तेव्हा आधी ती चिडली, मग हळूच म्हणाली, “आई, तो अकाउंट तू चालू कायले ठेवला?”

“असाच,” मी म्हटलं.

बसस्टँडजवळ संगणकाचा क्लास चालवणाऱ्या एक बाई आहेत. मी त्यांच्याकडे गेले, दुपारी त्या घरी आल्या. यांचं सिम मी जुन्या फोनमध्ये चालू ठेवलं होतं. त्यावर कोड आला आणि पेटी परत हातात आली. बाईंनी नवा पासवर्ड ठेवायला लावला, नवीन ठिकाणाहून कुणी उघडलं तर आधी माझ्या फोनवर विचारणा होईल अशी सोय केली, संगणक तपासून घेतला. मग तो लाल अक्षरांचा मेल माझ्यासमोर ठेवला.

“काकू, नाव कोणाचंबी टाकता येते. नावाखालचा पत्ता पाहा.”

पत्ता म्हणजे अक्षरांचा आणि आकड्यांचा नुसता गुंता होता. तो तेव्हाही तिथंच होता, मी पाहिला नव्हता.

“अन् तो खणातला कागद फाडून टाका,” जाताना त्या म्हणाल्या. मी फाडला नाही. यांचं अक्षर होतं ते, आणि त्या पासवर्डनं आता काहीच उघडत नव्हतं.

त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की यांनी पाठवलेली, मी कधी न उघडलेली पत्रं पेटीत नाहीत. चोरानं सगळी पुसली होती, कचऱ्याच्या खान्यातूनसुद्धा. बुटांच्या जाहिराती तेवढ्या जागच्या जागी होत्या.

पुढचे चार दिवस मी यांच्या जुन्या फोनमधले नंबर काढून फोन करत होते. पेटीतल्या प्रत्येक पत्त्यावर तो खोटा मेल गेला होता. बऱ्याच जणांना हे गेल्याचंच ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागलं. आवाज न कापता सांगणं मला तिसऱ्या दिवशी जमायला लागलं.

शेवटचा फोन रायपूरला केला. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातले यांचे मित्र, नोकरीनिमित्त तिकडेच राहिलेले. त्यांनी त्या खोट्या मेलला उत्तर दिलं होतं: “किती दिवसांनी आठवण झाली रे. सांग, काय मदत पाहिजे?” मी त्यांना हे गेल्याचं सांगितलं.

“मले वाटलं, तो नाराज हाय माह्यावर,” ते म्हणाले. “म्हणून मीबी लिवलं नाई.”

मी त्यांना पुसलेल्या पत्रांबद्दल सांगितलं.

“माह्याजवळ हायेत त्याची पत्रं. पाठवू?”

त्यांनी बावन्न पत्रं पाठवली. मी दिवसाला एकच वाचते. मंगरूळपीरकडच्या जमिनी, तुरीवरची अळी, कॉलेजातल्या मेसचा स्वयंपाकी. मी स्वतःला शोधत असते. बहुतेक पत्रांत एकच वाक्य सापडतं, “घरी सगळं ठीक.” एका पत्रात मात्र लिहिलं होतं, “आज हिनं भरली वांगी केली होती. लय छान झाली. तिले सांगाचं राहून गेलं.”

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथंच बसून होते. जेवायला उठायचं मनात आलं नाही. मुलीचा फोन आला, तिला मी नव्या पासवर्डबद्दल सगळं सांगितलं, तिनं शाबासकी दिली. पत्राचं तिला सांगितलं नाही. अजून सतरा पत्रं वाचायची आहेत.