वरच्या ताईंचा उजवा डोळा

चोवीस फेब्रुवारीला वरच्या ताईंनी चष्म्याच्या दुकानात दोन हजार सहाशे चाळीस रुपये मोजले आणि डोळ्यांत घालायच्या लेन्स घेतल्या. पावती त्यांनी मला आणून दाखवली. आमच्या बांधकामावरचा हिशेब मी बघतो, त्यामुळे कुठलीही पावती मी पाहिली की ती पक्की झाली, असा इथे सगळ्यांचा समज आहे.

वरच्या ताई म्हणजे आमच्या उंच क्रेनच्या चालक. वर काचेची एक पेटी आहे. तिच्यात एक खुर्ची, दोन्ही हातांशी दांडे आणि पायांच्या मध्ये तळाला एक काच. खाली बघायचे तर गुडघ्यांमधून वाकायचे. सकाळी शिडीने चढले की जेवणाच्या सुट्टीलाच उतरायचे. पाय लांब करायची सोय नाही. "माझ्या घरच्या कपाटात याहून जास्त हवा आहे," असे त्या एकदा म्हणाल्या होत्या. तरी त्या पेटीत बसायला मिळावे म्हणून त्यांनी खाली पाट्या वाहत वाहत काम शिकून घेतले. नवरा नाही, दोन मुलींचे शिक्षण त्या खुर्चीवर चाललेले.

वाकले की चष्मा घसरायचा. एकदा तो खिडकीतून निसटला आणि सिमेंट कालवणाऱ्याच्या पायाशी येऊन फुटला. मुकादम कडाडला, "आज चष्मा पडला, उद्या पाना पडेल! पुन्हा वरून काही आलं तर तुम्ही खाली, ताई. कायमच्या." म्हणून या लेन्स.

ताईंना एका गोष्टीचा अभिमान होता. हुकाला भार लटकत असला की त्या पापणी लववत नसत. चष्मा असताना त्याने काही बिघडले नाही. लेन्स मात्र ओलाव्यावर तरंगते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. लेन्स घालून त्या पहिल्यांदा चढल्या त्या दिवशी वारा कोरडा होता आणि पेटीतला पंखा थेट तोंडावर. सळयांचा गठ्ठा हवेत असतानाच उजवी लेन्स वाळून बुबुळाला चिकटली.

आलेल्या सळया मोजायला मी मुकादमाशेजारीच उभा होतो. वॉकीटॉकी खरखरला.

"मुकादम, उजव्या डोळ्यानं दिसत नाही. आग होतेय नुसती."

"मग या की खाली!"

"कशी येऊ? भार लटकतोय. दांडा सोडता येतो का मला?"

डोळा चोळायलाही हात मोकळा नव्हता. एका डोळ्याने गठ्ठा जमिनीपासून किती वर आहे तेही कळेना. माणसे बाजूला करून मुकादमाने एकेक हात सांगत तो उतरवला. "अजून... अजून... थोडंसं... बस!" गठ्ठा टेकला तेव्हा मुकादमाचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"आता उतरा."

"शिडीची पायरी एकाची दोन दिसतेय. नाही जमणार. आणि ही निघतच नाहीये. नखानं ओढू का?"

"थुंकी लावा जराशी," मुकादम म्हणाला.

माझी मुलगी कितीतरी वर्षे लेन्स वापरते. मी तिला फोन लावून वॉकीटॉकीपाशी धरला.

"बाबा, आधी त्यांना म्हणावं, डोळ्याला हात लावू नका! थुंकी नको, प्यायचं पाणीही नको. लेन्सचे थेंब मिळतात, ते हवेत. कोरडी असताना ओढली तर बुबुळ खरचटेल."

"घाबरवू नकोस गं," मी म्हणालो.

"ती मागे जाऊन हरवली तर?" वरून ताईंनी विचारले. आवाज बारीक झाला होता. "डोळा गेला तर मला परत कोण चढवणार, काका?"

"मागे जातच नाही, मावशी. तिथं वाट बंद असते. डोळा मिटून बसा."

मी फाटकाबाहेरच्या औषधाच्या दुकानातून बाटली आणली. वर न्यायचे कुणी? हुकाला भार बांधणारे रिगर शेजारच्या इमारतीवर गेलेले. मुकादमाने माझ्या पोटाकडे पाहिले, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि पट्टा बांधला. कित्येक वर्षांत तो चढला नव्हता. बाटली, साबण, पाणी, स्वच्छ रुमाल असे सगळे पिशवीत घेऊन तो गेला. चढताना त्याच्या वॉकीटॉकीचे बटण दाबलेलेच राहिले, त्यामुळे खालच्या दुसऱ्या वॉकीटॉकीवर त्याचे धापा टाकणे आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

मुलगी सांगत होती, मी पुढे पोचवत होतो. साबणाने हात धुवा, पुसून कोरडे करा. थेंब भरपूर सोडा. डोळा मिटून पापणीवरून हळूच, अगदी हळूच फिरवा. उघडझाप करा. नाही हलली? पुन्हा थेंब. थांबा.

"किती थांबू? या पेटीत दोघांना श्वास पुरत नाही."

"हलेपर्यंत, मावशी. हललीय असं वाटलं की वर बघा, बोटानं खाली पांढऱ्यावर सरकवा, मग चिमटीत धरा. नखं लावू नका."

आणखी दोनदा थेंब सोडून झाले. मग ताई म्हणाल्या, "सरकली." आणि थोड्या वेळाने, "निघाली. मुकादम, आता डोळे उघडा की. डोळा माझा होता, तुमचा नाही."

"खाली बघितलं मी," मुकादम कुजबुजला. "ताई, मला उतरवा."

मुलीने डाव्या डोळ्यातलीही काढायला लावली. स्वतःच्या पिशवीतला, फुटलेल्याच्याही आधीचा जुना चष्मा दोरीने बांधून ताई पुढे उतरल्या आणि मुकादमाचा एकेक पाय धरून पायरीवर ठेवत त्याला खाली आणले.

डोळा लाल होता म्हणून लगेच डॉक्टरांकडे नेले. बुबुळावर बारीक ओरखडा निघाला. औषध आणि आठवडाभर विश्रांती. तेवढे दिवस बदली चालक आला. आठव्या दिवशी मुकादमाने, मी न सुचवता, डोक्यामागून घट्ट बसणारा पट्टा चष्म्याला लावून घेतला आणि ताईंना वर पाठवले. "तिथं कसं बसता हो तुम्ही?" एवढेच त्याने विचारले.

मी परवा विचारले, आता बरे वाटते का. "डोळ्याला बरं आहे," ताई म्हणाल्या. "पेटी तीच आहे, काका." आणि सुट्टी संपत आली म्हणून शिडीकडे गेल्या.

थेंबांच्या बाटलीचे मी खिशातून भरलेले एकशे दहा रुपये मुकादमाकडून अजून येणे आहेत.