दूध उतू गेल्यावरचा शब्द

मुलं त्यांना 'मागच्या बाई' म्हणत. पुढच्या बाई शिकवतात आणि मागच्या बाई नुसत्या बसतात, इतका सरळ हिशेब. शिक्षकांच्या खोलीत त्यांचं आणखी एक नाव होतं, 'भिंत', पण ते त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई. बाईंना ते ठाऊक होतं. पाठीमागे भिंत असलेली बरी असते, असं त्या म्हणत आणि स्वतःच हसत.

नोकरी म्हणाल तर मोठी गमतीची. जन्मभर शिकवून शिकवून घसा कोरडा केल्यावर, निवृत्तीनंतर शिक्षण कार्यालयानं त्यांना गप्प बसायचा पगार द्यायला सुरुवात केली होती. शहरात कुठून कुठून माणसं कामाला येत, त्यांची मुलं शाळेत येत. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, वर्गात तिसरी. यातलं कुठलं मूल वर्गात असूनही वर्गाबाहेर राहतं, ते मागे बसून पाहायचं आणि शाळा सुटल्यावर वर्गाच्या बाईंना एकट्यात सांगायचं. मुलांसमोर किंवा पालकांसमोर मात्र तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. बाईंच्या आधीचे गुरुजी एकदा न राहवून फळ्यावरची चूक दाखवायला उठले, आणि कार्यालयानं त्यांना नारळ दिला.

मागच्या बाईंची पाहायची रीतच न्यारी होती. शिकवणाऱ्या बाईंकडे त्या पाहतच नसत. एक मूल धरायचं आणि ते जिकडे बघेल तिकडे आपण बघायचं. रंगाऱ्याची जुळी पोरं प्रश्न आला की आधी एकमेकांकडे बघत, आपल्या भाषेत कुजबुजून काहीतरी ठरवत, आणि मग दोघांत मिळून एक हात वर होई. ट्रकवाल्याचा मुलगा सारखा दाराकडे बघे. आजवरची प्रत्येक शाळा त्यानं अर्ध्यावर सोडली होती, त्यामुळे कुणाशी भांडण झालं तरी ते मिटवायच्या भानगडीत तो पडत नसे. निघायचंच आहे तर मिटवायचं कशाला? असल्या गोष्टी परीक्षेच्या गुणांत दिसत नाहीत. त्यासाठी पोरांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीला टेकेपर्यंत अवघडून बसावं लागतं.

हे झालं कार्यालयाचं काम. बाईंचं स्वतःचंही एक काम होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कान देऊन बसत.

बाई लहान असताना त्यांचे वडील कारखान्यात लागले म्हणून घर उचलून या शहरात आलं होतं. घरात जी भाषा होती ती इथे कुणाला येत नव्हती. आईला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण तिला ऐकणारा लागतच नसे. भांड्यांशी भांडायची, स्टोव्हची समजूत काढायची, लेकीची वेणी घालता घालता अशी लांबलचक गोष्ट सांगायची की वेणी संपली तरी गोष्ट उरायची. आणि दूध उतू गेलं की एक ठसठशीत शब्द हाणायची. अशा घरातली मुलगी शाळेत गेली आणि तिथे तिची दातखीळ बसली. तेव्हा वर्गाच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं. फार गोड होत्या हो त्या. जवळ बसवून, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "घरातसुद्धा इथलीच भाषा बोलत जा. मुलीचं कल्याण होईल."

मुलीचं कल्याण म्हटल्यावर कुठली आई नाही म्हणेल? त्याच संध्याकाळी आईनं इथल्या भाषेत मीठ मागितलं. तिला इथलं येत होतं ते बाजारापुरतं, आणि तेवढ्यावर तिनं उरलेला सगळा संसार केला. जेवलीस का. अभ्यास कर. सांभाळून जा. गोष्टी बंद पडल्या, कारण गोष्टीला पुरेल एवढं बोलणंच तिच्यापाशी राहिलं नाही. वेण्या मुकाट्यानं घातल्या जाऊ लागल्या. मुलीचं कल्याण झालं, त्यात खोट काढायला जागा नाही. पहिला नंबर आला, नोकरी लागली, चार माणसांत मान मिळाला. शेजारपाजारचे म्हणत, "तुमची आई फार शांत हो."

शेवटच्या दुखण्यात आई इथलं सगळं बोलणं विसरली. दवाखान्याच्या खाटेवर, भर दुपारी, लेकीचा हात धरून ती एकाएकी बोलायला लागली. पूर्वीसारखी, धो धो. मध्येच हसली. मध्येच काहीतरी विचारलंन आणि उत्तरासाठी तोंडाकडे बघत राहिली. आणि एवढी शिकलीसवरलेली लेक नुसतं "हो आई, हो आई" करत बसली. ती भाषा ती केव्हाच विसरली होती, तिला एक अक्षर कळलं नव्हतं. आईनं काय विचारलं ते कळायचं राहून गेलं, आणि आई गेली.

तेव्हापासून बाईंना एकच आस होती. ती भाषा पुन्हा एकदा कानावर पडावी. कुठल्या शाळेत दूरवरून नवं मूल आलंय असं कळलं, की बाई कार्यालयात जाऊन तिथली मागची खुर्ची मागून घेत. लोकांना वाटे, काय या वयात कामाची हौस!

यंदाच्या वर्गाच्या बाई तरुण होत्या. उत्साह नुसता उतू चाललेला. त्यांनी भिंतीवर कागदाचं भलंमोठं झाड केलं होतं, आणि त्याच्या प्रत्येक पानावर एकेका मुलाच्या घरच्या भाषेतला नमस्कार लिहिला होता. रोज सकाळी आपापलं पान मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. रंगाऱ्याची जुळी हे काम बँडवाल्याच्या ऐटीत करत. एक पान मात्र कोरं होतं. ते इस्त्रीवालीच्या मुलीचं. ती नवीनच आली होती आणि आल्यापासून तिनं तोंड उघडलं नव्हतं. पोरांनी तिचं नाव 'मुकी' ठेवून टाकलं. नाव ठेवायला पोरांना वेळ लागत नाही.

मागच्या बाईंनी त्या मुलीला धरलं. ती बघायची त्या कोऱ्या पानाकडे. आपली पाळी जवळ येऊ लागली की तिचे खांदे हळूहळू कानांपर्यंत जात, आणि तिला वगळून टाळ्या पुढे सरकल्या की खाली येत. ते खांदे बाईंच्या चांगल्या ओळखीचे होते.

एके दिवशी चित्रकलेच्या तासाला तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं नवं काढलं, तेही मोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा मोडलं. तशी मुलीनं दात आवळून पेन्सिलीला एक शब्द हाणला.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच शब्द. तोच हेल, शेवटी तोच झटका. त्याचा अर्थ त्यांना तेव्हाही माहीत नव्हता आणि आताही नव्हता, पण करपलेल्या दुधाचा वास त्यांच्या नाकात शिरला. इतकी वर्षं ज्यासाठी खुर्च्या झिजवल्या ते दोन हातांवर बसलं होतं, आणि वर्ग चालू होता. बोलायची चोरी. बरं, तोंड उघडून बोलणार तरी काय? त्या भाषेतला तेवढा एकच शब्द त्यांच्या गाठीला होता.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर तरुण बाईंनी मुलीच्या आईला भेटायला बोलावलं होतं. मागच्या बाईंनी ठरवलं, आपण गप्प बसून राहायचं आणि नंतर तिला फाटकाशी गाठायचं.

इस्त्रीवाली धावतपळतच आली. हातावर इस्त्रीचे जुने डाग, खांद्याला कपड्यांची मोठी पिशवी. मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी राहिली. आई बाकाच्या अगदी कडेला टेकली. शाळेच्या बाकावर बसायचं म्हटलं की काही माणसांना आपणच काहीतरी चूक केल्यासारखं वाटतं.

"मुलगी हुशार आहे हो तुमची," तरुण बाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "फक्त बोलत नाही. घरी काय बोलता तुम्ही?"

"घरी आमचंच बोलतो, बाई. आमचं, घरचं."

"मग तेवढं एक बंद करायचं. फक्त तिच्यासाठी. घरातसुद्धा इथलंच बोलायचं, म्हणजे तिला सवय होईल. जमेल ना?"

इस्त्रीवालीनं मान डोलावली. "जमेल, बाई. मुलगी शिकायला पाहिजे. आजपासून बंद."

त्यात दुष्टावा कुणाचाच नव्हता. बाई प्रेमानं सांगत होत्या आणि आई प्रेमानं कबूल करत होती. मागच्या बाईंच्या डोळ्यांसमोर मात्र आपल्या आईनं मागितलेलं मीठ आलं. आज संध्याकाळी ही आईही तसंच मीठ मागणार. त्या उठायला गेल्या, ती बुटकी खुर्ची त्यांच्याबरोबर थोडी वर आली आणि दाणकन खाली पडली.

"नका बंद करू," त्या म्हणाल्या.

तरुण बाई चमकून वळल्या. भिंतीला वाचा फुटली तर माणूस दुसरं काय करणार? "बाई, तुम्ही पालकांसमोर बोलायचं नसतं."

"माहीत आहे मला. पण माझ्या आईला अशाच एका बाईंनी हेच सांगितलं होतं, आणि तिनं ते ऐकलं. त्यानंतर माझी आई माझ्याशी कधी नीट बोलली नाही. तिला बोलताच येत नव्हतं हो."

"पण मग ही मुलगी इथलं शिकणार कशी?"

"इथलं शिकवायला तुम्ही आहात की. तिचं घरचं शिकवायला आईखेरीज आहे कोण?"

तरुण बाईंची नजर भिंतीवरच्या त्या कोऱ्या पानावर गेली. मग इस्त्रीवालीला म्हणाल्या, "तुम्ही घरी तुमचंच बोला. इथलं मी बघते." आणि मागच्या बाईंकडे वळून, जरा चाचरत, "हे मला कार्यालयाला कळवावं लागेल."

"कळवा. कळवायलाच हवं," मागच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पडलेली खुर्ची उचलली, भिंतीशी नीट लावून ठेवली आणि तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

फाटकाशी मायलेकी त्यांची वाट बघत उभ्या होत्या. इस्त्रीवालीला काहीतरी म्हणायचं होतं, पण बाईंनाच दम निघेना. "मला आधी एक सांगा," त्या म्हणाल्या, आणि घसा साफ करून त्यांनी तो शब्द उच्चारला. तसाच, झटक्यासकट.

इस्त्रीवालीचा हात तोंडावर गेला. "अहो बाई! शिवी आहे ती! कुणी शिकवली तुम्हाला?"

मुलगी आईच्या पिशवीमागे लपली.

"आईनं," बाई म्हणाल्या. "माझी आई म्हणायची. दूध उतू गेलं की." आणि त्या फाटकाला धरून हसत सुटल्या. ती फार शांत बाई! तिच्या तोंडात शिवी! हसता हसता डोळ्यांतून कधी पाणी यायला लागलं ते त्यांना कळलं नाही.

इस्त्रीवालीचा चेहरा उजळला. "म्हणजे तुम्ही आमच्यातल्याच की!" ती म्हणाली, आणि बांध फुटावा तशी आपल्या भाषेत बोलायला लागली. बाईंच्या सगळ्या अंगाचे कान झाले. तोच हेल. मध्येच हसणं, हातवारे, उगाच खाली येणारा आवाज. मग तिनं काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली.

"हो, हो" बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मला कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढा एकच शब्द राहिलाय माझ्याकडे."

इस्त्रीवाली ओशाळली आणि इथल्या भाषेत एकेक शब्द जुळवायला लागली. "मी म्हटलं... तुमची आई..."

"नको, नको," बाईंनी तिचा हात धरला. "तसं नको. तुमच्यातच बोला. मी ऐकते."

इस्त्रीवालीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. खांद्यावरची पिशवी उतरवून जमिनीवर ठेवली, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला सुरुवात केली.