माऊस नसलेलं टेबल
पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा वास आला की मला मल्हारगंजातल्या नमकीनच्या दुकानावरचं आमचं छोटंसं कॉम्प्युटर ऑफिस आठवतं. मी तिथे नवीन होते, आणि एकटीच मुलगी. माझ्या मशीनचा माऊस बिघडला होता. ऑफिस चालवणाऱ्या सरांना सांगितलं, तर पोह्यांवर शेव पसरत ते म्हणाले, "ऐसा है बेटा, आधी मुलांना देऊ. तुझं काम काय, लग्नापर्यंतच ना." माझे कान तापले. टर्मिनलमधून, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीतून, फाइल उघडली की मजकूर लिहायचा एडिटर वेगळ्या विंडोत उघडायचा, आणि तिथे माऊसशिवाय पान हलत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत जाड मॅन्युअल चाळून मी लॉगिन करताच मशीन जी वाचतं, त्या माझ्या फाइलमध्ये एक ओळ घातली. आता एडिटर टर्मिनलमध्येच उघडणार, आणि सगळं काम कीबोर्डवरून होणार. सुरुवातीला बोटं चुकायची, तेव्हा शेजारचा मुलगा हसून सगळ्यांना सांगायचा, "देखो भिया, टाइपिंग क्लास चल रही है." माझं काम त्याच्या आधी संपायला लागलं, तसे त्याचे टोमणे बंद झाले. दिवाळीच्या आसपास सर स्वतः नवा माऊस घेऊन माझ्या टेबलाशी आले. "ले बेटा, तुझा नंबर आला." मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हटलं, "मुलांना देऊन टाका सरजी, त्यांना लागतो." पुढे लग्न झालं, मुलं मोठी झाली, काम चालूच आहे. नवं मशीन आलं की मी आधी ती ओळ घालते, माऊसचा डबा उघडतसुद्धा नाही.