उजव्या काखेतला टाका

मला माहीत असलेली बॉक्सिंगची सगळ्यात मोठी एक्स्पर्ट आज सकाळी गेली.

तिने आयुष्यात एकही बाउट पाहिली नव्हती.

कमलमावशी. ग्वाल्हेरच्या माधवगंजात आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. लेडीज टेलर. माझ्या पहिल्या फ्रॉकपासून सगळं तिनेच शिवलं.

मी लहानपणापासून अंगाने दांडगी. बाकीचे टेलर आईला म्हणायचे, "कापड जास्त लागेल हं." मावशी एकदाही म्हणाली नाही. टेप गळ्यात टाकायची आणि म्हणायची, "खांदे काय सुंदर आहेत हिचे."

त्याच खांद्यांच्या जोरावर मी हेवीवेट झाले.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतेय, ते माझं शेवटचं वर्ष होतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं: यंदा स्टेट टीममध्ये नाव नाही आलं तर ग्लव्ह्ज ठेवून द्यायचे आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं. चिडून नव्हते बोलले. म्हणून जास्त भीती वाटली.

कॅम्प ग्वाल्हेरलाच होता. आम्ही चौघी हेवीवेट, टीममध्ये जागा एक.

आमच्या कोच सरांनी मला समोर बसवून सगळ्यांचा हिशोब मांडला.

"जबलपुरवाली में ताकत है, दम नहीं. सेकंड राउंड के बाद तेरी है. इंदौरवाली मार खाके गुस्सा करती है, उसको भी निकाल लेगी."

"और रजनी?"

रजनी मुरैन्याची. तिच्याशी मी तीनदा खेळले होते, तीनदा हरले होते.

सरांनी मान हलवली. "दस में से दो बार. थकती है तो कुछ तो खुलता है उसका. क्या खुलता है, वीडियो में पकड़ नहीं आ रहा."

आमच्या मापाचे रेडीमेड ट्रॅकसूट मिळायचे नाहीत. त्यामुळे चौघींची मापं मावशीकडे, आणि फाटलेले टी-शर्टही तिच्याकडेच.

एक दिवस माझा टी-शर्ट रफू करता करता ती सहज म्हणाली, "तुझे सगळे उजव्या काखेतच फाटतात गं. दमलीस की कोपर बाहेर जातं का तुझं?"

मी हादरले. थर्ड राउंडला माझं कोपर बाहेर जायचं, बरगड्या उघड्या पडायच्या आणि रजनी तिथेच मारायची. सरांना हे शोधायला दोन वर्षं लागली होती. हिने शिवण बघून सांगितलं.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, रजनीचेही टी-शर्ट हिच्याकडेच येतात.

"मावशी, रजनीचे कुठे फाटतात?"

मशीन थांबलं.

"ते नाही सांगणार."

"अगं, माझं शेवटचं वर्ष आहे. तुला माहितीये ना बाबा काय म्हणालेत?"

"माहितीये. पण बाई माझ्यासमोर हात वर करून उभी राहते ती विश्वासाने. आज तिचं तुला सांगितलं, तर उद्या तुझं कुणाला सांगणार नाही कशावरून?"

मी जिन्यावर पाय आपटत वर गेले. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. मनात म्हटलं, परकी ती परकीच.

पाचव्या दिवशी मावशी स्वतः कॅम्पवर आली. गुडघे दुखत होते तरी चालत. पिशवीतून एक टी-शर्ट काढला.

"रोज हाच घाल. खामखा ओढून ढिला करू नकोस."

उजव्या काखेत तो मुद्दाम तंग कापला होता आणि आतून जाड दोऱ्याचा एक टाका ठेवला होता. कोपर बाहेर गेलं की टोचायचा. असा टोचायचा की डोळ्यांत पाणी यायचं. सहा आठवडे मी त्या टाक्याला शिव्या घातल्या.

टीमच्या निवडीच्या ट्रायलला, रजनीसमोर, तो टी-शर्ट अंगात नव्हता. पण थर्ड राउंडला, छाती फुटायची वेळ आली तेव्हाही, कोपर जागचं हललं नाही.

आणि रजनी? इतकी भारी रजनी मी कधी पाहिली नव्हती. ती दमेल आणि काहीतरी उघडं पडेल म्हणून मी वाट बघत राहिले. काहीच उघडं पडलं नाही. सर नंतर म्हणाले, "इसको किसी ने ठीक कर दिया है."

पाच जजपैकी तिघांनी मला दिलं; तीन-दोनने जिंकले. आज जी नोकरी करते, ती स्पोर्ट्स कोट्यातून, त्या तीन-दोनवर मिळाली.

इतकी वर्षं मी मनात धरून होते की मावशी तोंडाने काही बोलली नाही, पण होती माझ्याच बाजूने. मला फार आवडायचं ते.

आज दुपारी मुरैन्याहून रजनी आली. मावशीच्या मशीनपाशी उभी राहून रडत होती. मला नवल वाटलं. म्हटलं, हिचा काय एवढा संबंध?

मी तिला टी-शर्टची गोष्ट सांगितली.

 तिने डाव्या खांद्याच्या मागे हात लावला.

"मेरा यहाँ से फटता था. जैब मारने के बाद बायाँ हाथ नीचे आ जाता था मेरा. टाँका मेरे में भी डाला था उन्होंने."

तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"और सुन, तेरा पूछा था मैंने. दो बार पूछा. उन्होंने मशीन बंद कर दी."

आम्ही दोघी त्या मशीनसमोर खूप वेळ बसून होतो.

मावशी, तू कुणाच्याच बाजूने नव्हतीस. आम्हा दोघींनाही तू जितकं चांगलं खेळता येईल तितकं खेळायला लावलंस, आणि पुन्हा मशीनवर बसलीस. निकाल विचारायलासुद्धा वर आली नाहीस. मीच पेढे घेऊन आले होते.

त्या चार दिवसांसाठी माफ कर.

तुला माझा नमस्कार. आणि रजनीचा.