पंचफुलाबाईचा शनिवार

लातूर जिल्हा झालं त्या साली कचेऱ्यांना जागा पुरेना. चित्रकलेच्या शाळेत पंचफुलाबाई झाडायला होती. ती व्हरांडा झाडत होती अन् आत हेडमास्तर लक्ष्मणराव चित्रांचे मास्तर गुरुपादप्पांवर तडकले होते.

"तुमच्या शनिवारच्या सिनेमापायी हॉल अडून राहिलाय. कचेरीवाले रोज मागून राहिलेत."

"जुने सिनेमे बघून पोरांची नजर तयार होते, साहेब."

"एक शनिवार रिकामा गेला, की किल्ली त्यांची. मग माझ्याकडं येऊ नका."

पंचफुलाचा खराटा चालूच राहिला, कान मात्र आत. तीही दर शनिवारी दाराशी बसून बघायची. परमुलखातली माणसं काय बोलतात ते कळायचं नाही, पण त्यातली सासू कोणती ते तिला लगेच कळायचं. तेवढं एक सुख हातचं जाऊ द्यायचं नाही, असं तिनं तिथंच ठरवलं.

त्यात पावसानं दगा दिला. शाळेची विहीर तळाला गेली. सिनेमाचा पडदा म्हणजे जोडून शिवलेल्या चादरी. धुळीनं त्यांचं पार पोतेरं झालं. "प्यायला पाणी नाही अन् चादरी धुता?" हेडमास्तर म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

पंचफुला गुरुपादप्पा मास्तरांना म्हणाली, "पडदा राहू द्या. भिंतीलाच चुना देते. एक घागर लागंल, ती माझ्या घरची."

"घरी काय म्हणतील?"

"मालक अंग पुसून घेतील. तसाबी त्यास्नी आंघोळीचा कंटाळाच हाय."

शुक्रवारी तिनं भिंत पांढरी केली. पण भीमजयंतीला घर रंगवायचा हात; चुन्यात नीळ सढळ पडली. शनिवारी भिंतीवरची समदी माणसं निळी. पोरं पोट धरून हसली.

"बाई, हे काय केलं?" मास्तरांनी कपाळाला हात लावला.

"चुकलं. पण शनिवार तर झाला का न्हाई?"

मागं उभे असलेले हेडमास्तर किल्ली खिशात टाकून गेले. पुढच्या शुक्रवारी पंचफुलानं घरची आणखी एक घागर आणली अन् बिननिळीचा हात दिला. सिनेमा चालत राहिला. कचेरीवाल्यांनी शेवटी दुसरीकडं जागा धरली.

मग बरीच वर्षं गेली. पंचफुलाच्या नोकरीतला शेवटचा शनिवार आला. शाळेत सत्काराची खुर्ची मांडून सगळे वाट बघत होते, अन् ती एस.टी. स्टँडवर. सिनेमाच्या रिळांची पेटी नांदेडच्या गाडीनं यायची, ती आणायचं काम तिचंच.

"मावशी, आज तरी दुसऱ्या कुणाला धाडायचं," कंडक्टर म्हणाला.

"अन् त्यो चहा पीत बसला तर? आणा इकडं."

तिनं पदराची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली अन् शाळेच्या वाटेला लागली.